वाचूं लागलेल्या मुलांचीं चित्रपुस्तकें

चित्रांविषयीं बोलावयाचें आणि तें नभोवाणीवर, म्हणजे ऐकणार्‍याला एकही चित्र दाखवितां यावयाचें नाहीं, ही अडचण आमंत्रण आलें त्याच क्षणीं माझ्या ध्यानांत आली होती. परंतु विचार करतां असें वाटलें कीं, ती उलट उपयोगीच पडेल. दुकानांत चित्रपुस्तक हातीं घेतलें म्हणजे आपण वडील माणसें प्रथम रंगांना भुलतों. रंग आवडले कीं पुस्तक विकत घेतों आणि घरीं येऊन मुलाच्या हातांत ठेवतों. मुलानें त्यांतलें काय व कसें वाचावें हा प्रश्न दुकानांत आपल्या मनांत आलेलाच नसतो. आज निदान रंगांचा मोह आपणांपैकीं कोणालाच नाहीं.

आरंभींच एक गोष्ट कबूल केलेली बरी. मी शिक्षक नाहीं. बालमानसशास्त्राचा अभ्यासक तर नाहींच नाहीं. माझें सारें आयुष्य छापखान्यांत मुद्रितें तपासण्यांत गेलें. वेलांटी पहिली कीं दुसरी, स्वल्पविराम असावा कीं नसावा, टाइप कोठें तुटला आहे, यांवर मीं जेवढी दृष्टि खर्च केली तेवढी दुसर्‍या कशावरही केली नसेल. अशा माणसाला पान दिसत नाहीं, अक्षरें दिसतात. या संवयीपायीं माझ्या नातीच्या बाबतींत माझ्या हातून एक चूक झाली. आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कांहीं असलाच तर तो त्या चुकीमुळें आलेला आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वींची गोष्ट. नात साडेपांच वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टींत ती आमच्याकडे राहावयास आली होती आणि येतांना एक चित्रपुस्तक बरोबर घेऊन आली होती. दुपारीं झोपाळ्यावर माझ्या शेजारीं बसून ती मला तें वाचून दाखवूं लागली. एका पानावर विहिरीचें चित्र होतें. म्हातारी रहाट ओढीत आहे आणि तिच्या पाठीमागें कठड्यावर ठेवलेला तिचा चष्मा कावळा उचलून नेत आहे. खालीं मोठ्या अक्षरांत एवढेंच छापलेलें : ‘म्हातारी पाणी काढते.’ नातीनें खणखणीत आवाजांत वाचलें, ‘कावळ्याने चष्मा पळवला!’ माझ्यांतला मुद्रितशोधक खडबडून जागा झाला. मीं चित्रावर तळहात ठेवला आणि म्हटलें, ‘चित्राकडे बघायचं नाही. अक्षरं बघ आणि वाच.’ तिनें वाचलें. ‘म्हा... ता... री...’ असें करीत, एकेक अक्षर त्या विहिरींतूनच ओढून काढावें तसें वाचलें. पुढच्या पानावर मीं पुन्हां हात ठेवला. त्याच्या पुढच्या पानाशीं तिनें पुस्तकच मिटलें. दुसर्‍या दिवशीं दुपारीं ती पुस्तक घेऊन आजीकडे गेली आणि मला ऐकूं येईल अशा बेतानें, पण मला नव्हे, आजीला तिनें सांगितलें, ‘आजोबांबरोबर नको. ते चित्र झाकतात.’ सुट्टी संपेपर्यंत तें पुस्तक माझ्याकडे आलें नाहीं.

चूक माझी होती हें मला लौकर कळलें. परंतु ती नेमकी कोणती हें कळावयास वेळ लागला. कावळ्यानें चष्मा नेल्याचा उल्लेख त्या पुस्तकाच्या मजकुरांत कोठेंच नव्हता. ती गोष्ट केवळ चित्रांत होती. चित्रकारानें सांगितलेली अर्धी कथा नातीनें अचूक वाचली होती. मला मात्र तो कावळा तिनें सांगेपर्यंत दिसलाही नव्हता. एवढ्यावरून माझ्या बाजूला कांहींच तथ्य नव्हतें असें मात्र समजूं नये. अक्षरें तिनें वाचलीं नव्हतीं हें खरेंच होतें. पुढें चित्रें नसलेलीं पुस्तकें हातीं येणार, तेव्हां चित्रावरून अटकळ बांधण्याची संवय तिच्या कामीं येणार नव्हती. मुलाला चित्रांत रमूं द्यावें कीं अक्षरांकडे वळवावें, हा पेंच खरा आहे. आणि पुस्तकाची निवड चांगली असेल तर तो पुष्कळसा त्या पुस्तकांतच सुटतो, असें मला आतां वाटतें.

मुलांसाठीं चित्रांचें पुस्तक करावें ही कल्पना जुनी आहे. मोराव्हियांतला थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यानें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. प्रत्येक धड्यावर एक लाकडी ठशाचें चित्र, चित्रांतील एकेका वस्तूला आंकडा, आणि खालच्या लॅटिन व जर्मन मजकुरांत त्या त्या शब्दापाशीं तोच आंकडा, अशी त्याची रचना होती. आरंभीं मुळाक्षरांसाठीं प्राण्यांचीं चित्रें आणि त्यांचे आवाज दिलेले होते. आपल्या अंकलिपींतला ‘ग गणपतीचा’ याच जातीचा. यांत चित्र शब्दाची खूण म्हणून येतें. गोष्टीच्या पुस्तकांतलें चित्र वेगळें. तें शब्दाबरोबर चालतें, कधीं शब्दाच्या पुढें धांवतें, कधीं शब्द सांगतो त्याच्या उलटही दाखवितें. घरोघरीं या दोहोंची गल्लत होते, आणि अंकलिपी घेतली कीं चित्रपुस्तकाचें काम झालें अशी समजूत करून घेतली जाते.

चित्र अक्षरांच्या आड येतें या शंकेला शास्त्राचाही आधार आहे. १९६७ सालीं सॅम्युएल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत लहान मुलांपैकीं कांहींना नवे शब्द चित्रांसह शिकविले, कांहींना चित्रांवांचून. शिकतांना चित्रवालीं मुलें पुढें होतीं. परंतु चित्रें काढून घेऊन तेच शब्द विचारले तेव्हां चित्रांवांचून शिकलेलीं मुलें सरस ठरलीं. सोपी वाट समोर असतां अवघड वाटेनें कोण जाईल? पुढें डोळ्यांची हालचाल टिपणारीं यंत्रें निघालीं, त्यांनींही हेंच दाखविलें कीं, वडील माणूस वाचून दाखवीत असतां अक्षरओळख नसलेलें मूल बहुतेक सारा वेळ चित्राकडे पाहत असतें, ओळींकडे क्वचितच. हें सर्व खरें धरूनही, चित्रें काढून टाकावींत असा निष्कर्ष काढणें म्हणजे मीं तळहात ठेवला तेंच पुन्हां करणें होय. मीं सांगितलेल्या प्रयोगांत सुटे शब्द होते, गोष्ट नव्हती. गोष्टींत पुढें काय झालें हें कळावयाचें असतें, आणि तें कळण्यासाठीं चित्र पुरें पडलें नाहीं तर मूल आपण होऊन ओळीकडे वळतें.

चित्र पुरें पडतें कीं नाहीं, हें दुकानांत उभ्या उभ्या पाहतां येतें. पानावर मांजराचें मोठें चित्र आणि खालीं ‘हे मांजर आहे’ असें वाक्य असेल, तर तें वाक्य मूल कधींही वाचणार नाहीं. वाचण्याची गरजच उरलेली नाहीं. याउलट पानावर धान्याची कणगी, चूल, पाटा, कोनाडा असा सगळा पसारा आहे, कणगीच्या मागून शेपटीचें टोंक डोकावत आहे आणि खालीं लिहिलें आहे ‘मनी कुठे लपली?’ — तर मुलाला प्रश्न वाचावा लागतो आणि उत्तर शोधावें लागतें. प्रश्न अक्षरांत, उत्तर चित्रांत. डोळा दोन-चार वेळां वर-खालीं जातो, आणि अक्षरांना अर्थ असतो ही गोष्ट अशा येरझार्‍यांतच मुलाच्या अंगवळणीं पडते. म्हणून पुस्तक हातीं घेतलें कीं मधलीं दोन पानें उघडावींत आणि केवळ चित्रें पाहून मजकूर काय असेल याचा अंदाज करावा. मजकूर तंतोतंत ओळखतां आला तर पुस्तक ठेवून द्यावें. मजकुराचा चित्राशीं कांहींच संबंध लागत नसेल तरीही ठेवून द्यावें. असा मजकूर मुलाला एकट्यालाच अंधारांत सोडतो.

याच्या आधीं आणखी एक निवड करावी लागते, आणि तिथें सुशिक्षित घरांतच अधिक चुका होतात. आपण वाचून दाखवावयाचें पुस्तक आणि मुलानें स्वतः वाचावयाचें पुस्तक हीं दोन वेगळीं पुस्तकें आहेत. मुलाचा कान त्याच्या डोळ्यापेक्षां तीन-चार वर्षांनीं तरी मोठा असतो. पांच वर्षांच्या मुलाला लांबलचक कथा, अवघड शब्द, राजे-राक्षस सारें ऐकून समजतें. त्याला वाचून दाखवावयाच्या पुस्तकांत ‘अद्भुत’ आणि ‘अदृश्य’ असे शब्द आले तर बिघडत नाहीं, उलट बरेंच होतें. तेंच पुस्तक त्याच्या हातीं देऊन ‘आता तू वाच’ म्हटलें कीं तें अडखळतें आणि आवडती गोष्टही नावडती होते. उलट, स्वतः वाचावयाच्या सोप्या पुस्तकांवरच त्याला ठेवलें तर त्याचा कान उपाशी राहतो. म्हणून वाचतां येऊं लागलें तरी वाचून दाखवणें थांबवूं नये. ‘आता तुला येतं ना, मग वाच की’ हें वाक्य आमच्याही घरांत म्हटलें गेलें आहे. मुलाला त्याचा अर्थ असा लागतो कीं, वाचावयास शिकल्याबद्दल आपली मांडीवरची जागा गेली.

आतां आपल्या लिपीविषयीं. इंग्रजी पुस्तकांवरून बेतलेलीं यादीवजा मार्गदर्शनें आपल्याकडे वाचावयास मिळतात. परंतु इंग्रजी मुलाची अडचण एक आणि मराठी मुलाची दुसरी. इंग्रजीचीं अक्षरें २६, मोठीं व लहान मिळून ५२ आकृति. मुलाला छळतें तें स्पेलिंग. मराठींत ३४ व्यंजनें आणि बाराखडीचीं बारा रूपें धरलीं तर संख्या चारशेंच्या वर जाते, आणि जोडाक्षरें निराळींच. सुदैवानें हीं चारशें रूपें सुटीं सुटीं पाठ करावीं लागत नाहींत. काना-मात्रेची रीत एकदां उमगली कीं ‘का’ वाचणारें मूल ‘गा’ही वाचतें. तरी वेळ लागतोच. सोनाली नाग यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या, कन्नड वाचूं लागलेल्या मुलांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, अक्षरज्ञान पहिल्या दोन-तीन इयत्तांत संपत नाहीं, तें पुढेंही चालूच राहतें. कन्नड लिपि आपल्यासारखीच, व्यंजनाला स्वरचिन्ह जोडणारी. तेव्हां पहिलींतल्या मुलाला सारें वाचतां येत नाहीं म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. घाबरावें पुस्तक निवडणार्‍यानें.

घर, नळ, बदक, गवत, मगर हे विनाचिन्हांचे शब्द सर्वांत सोपे. त्यानंतर काना आणि दुसरी वेलांटी. चिन्ह अक्षराच्या पुढें, उच्चारही पुढें. पहिल्या वेलांटीची तर्‍हा उलटी. ‘चिमणी’ शब्दांत वेलांटीचा उच्चार ‘च’नंतर, पण डोळ्याला ती ‘च’च्या आधीं भेटते. डावीकडून उजवीकडे वाचण्याचा नियम नुकताच शिकलेल्या मुलाला ही फसवणूकच वाटते. उकार खालीं जातो. ‘र’ तर पक्का बहुरूपी : ‘चक्र’मध्यें एक तिरकी रेघ, ‘ट्रक’मध्यें खालीं टोपी, ‘दर्‍या’मध्यें आडवी पापणी, आणि ‘सूर्य’मध्यें ‘य’च्या डोक्यावर चढून बसलेला, जरी उच्चारांत तो ‘य’च्या आधीं येतो. गंमत अशी कीं, ‘चित्र’ आणि ‘पुस्तक’ या दोन्ही शब्दांत जोडाक्षर आहे. ज्या मुलासाठीं चित्रपुस्तक घ्यावयाचें, त्याला तें नांव वाचतां येत नाहीं.

म्हणून कांहीं लेखक जोडाक्षरेंच काय, वेलांट्याही टाळून पुस्तकें लिहितात. ‘छगन, चल. नळ बघ. झटपट सदन गाठ.’ असें त्यांचें मराठी. कोणत्या घरांत कोणी असें बोलतें? मूल अडखळत हें वाचतें आणि शेवटीं त्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. माझ्या मतें खरी कसोटी अवघड शब्द आहेत कीं नाहींत ही नव्हेच. अवघड शब्द थोडे आहेत ना, ते चित्रांत दिसतात ना, आणि ते पुन्हां पुन्हां येतात ना, एवढें पाहावें. ‘म्हातारी’ हा शब्द अवघड आहे. परंतु पानोपानीं म्हातारी चित्रांत उभी असेल आणि तिचें नांव आठ वेळां येत असेल, तर तिसर्‍या वेळेला मूल तो शब्द ओळखूं लागतें आणि सातव्या वेळेला त्याला ‘म्ह’ हें जोडाक्षर फुकट मिळालेलें असतें. इथें चित्राची मदत घेणें ही लबाडी नव्हे. याउलट ‘आश्चर्यचकित’ हा शब्द एकदांच आला, चित्रांत कोणाच्या चेहर्‍यावर तें आश्चर्य नीट दिसत नसलें, तर मूल तिथें पडतें तें पुन्हां उठत नाहीं. असा एखादा शब्द पुस्तकांत आहे म्हणून पुस्तक टाकूं नये. तो आपण सांगावा आणि पुढें जावें. पानावर असे पांच असले तर मात्र तें पुस्तक वाचून दाखवावयाच्या ढिगांत ठेवावें. एका हाताचीं बोटें मिटत मोजण्याची ही युक्ति पाश्चात्य शाळांतून चालत आलेली आहे, आणि ती इथेंही उपयोगी पडते.

उच्चाराचीही एक बाब आहे. ‘चोर’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चिमणी’मधला वेगळा; ‘जवळ’मधला ‘ज’ वेगळा आणि ‘जीभ’मधला वेगळा. लिपींत त्यांची निराळी खूण नाहीं. ज्या मुलाला तो शब्द कानानें ठाऊक आहे तेंच तो बरोबर वाचूं शकतें. म्हणून पहिल्या पुस्तकांतले शब्द मुलाच्या बोलण्यांतले असावेत. पुस्तकावरून नवे शब्द शिकविण्याची घाई करूं नये. याच कारणानें ‘झाड मोठे झाले’ यापेक्षां ‘झाड मोठं झालं’ असें छापलेलें पुस्तक मी आतां पसंत करतों. मूल तसेंच बोलतें. मी स्वतः अजून ‘मोठें झालें’ असें सानुस्वार लिहितों. १९६२ सालच्या नियमांनीं जे अनुस्वार गेले ते माझ्या हातांतून गेले नाहींत, आणि संपादकांनीं या वयांत मला क्षमा केली आहे. परंतु माझी खोड नातवंडांच्या पुस्तकांत नको, एवढें शहाणपण मला आलें आहे.

थोड्या शब्दांचें पुस्तक पाहिलें कीं आपल्याला पैसे वांया गेल्यासारखे वाटतात. ‘एवढ्या किंमतीला एवढ्याच ओळी?’ असें मीं दुकानांत अनेकांना म्हणतांना ऐकलें आहे. अमेरिकेंत १९५४ सालीं जॉन हर्सी या लेखकानें ‘लाइफ’ साप्ताहिकांत लिहिलें कीं, शाळेंतलीं पहिलीं वाचनपुस्तकें इतकीं नीरस आहेत कीं मुलांनीं तीं वाचावींत तरी कां? त्यावरून एका प्रकाशकानें डॉ. स्यूस यांना, ठराविक शब्दांच्या यादींतून मुलांना खालीं ठेववणार नाहीं असें पुस्तक करण्याचें आव्हान दिलें. १९५७ सालीं निघालेलें ‘द कॅट इन द हॅट’ हें तें पुस्तक. त्यांत निरनिराळे शब्द अवघे २३६ आहेत. पुढें १९६० सालीं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ आलें, त्यांत तर ५०च. शब्द थोडे असणें हें दारिद्र्य नव्हे हें या पुस्तकांनीं दाखविलें. मात्र तीच रीत उचलून मराठींत आणतां येत नाहीं. आपला शब्द एका जागीं स्थिर राहत नाहीं. ‘घर’ शिकलेल्या मुलापुढें ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’, ‘घराजवळच्या’ असे त्याचे अवतार येतात. यादींत तो शब्द एकच, पण मुलाच्या डोळ्याला ते पांच. त्यामुळें इंग्रजींतून अनुवादलेलें सोपें पुस्तक मराठींत पुष्कळदां अवघड होऊन बसतें, आणि मूळचें यमक, ताल गेल्यामुळें अळणीही. अनुवादित पुस्तक घ्यावें, पण आधीं एक पान मोठ्यानें वाचून पाहावें. जीभ अडखळली तर मुलाचीही अडखळेल.

मुळांत मराठींत विचार केलेलीं पुस्तकें आतां मिळतात. माझ्या पिढीच्या वांट्याला आलेल्या बालवाङ्मयांत बारीक टाइपाचीं पानेंच्या पानें, आणि मध्येंच कोठें तरी एक काळपट चित्र असा थाट असे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या, स्वतःच लिहिणार्‍या आणि स्वतःच चित्रें काढणार्‍या लेखिकेनें हा थाट बदलला. त्यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेंत आपल्याच घरांतलीं माणसें भेटतात, आणि शब्द व चित्र एकाच हातचीं असल्यानें एकमेकांच्या पायांत पाय घालीत नाहींत. ‘प्रथम बुक्स’ ही २००४ सालीं सुरू झालेली संस्था मराठीसह अनेक भारतीय भाषांतून स्वस्त पुस्तकें काढते आणि त्यांवर वाचनाची पायरी, पहिलीपासून चौथीपर्यंत, छापते. २०१५ पासून तिनें ‘स्टोरीवीव्हर’ या नांवानें तीं इंटरनेटवर विनामूल्य वाचावयासही ठेवलीं आहेत. पायरीच्या आंकड्यावर मात्र सर्वस्वी विसंबूं नये. तो दुकानांतला चपलेचा आंकडा आहे, पाय घालून पाहिल्याखेरीज खरा कळत नाहीं.

छपाईविषयीं माझ्या धंद्याच्या अभिमानानें थोडें अधिक बोलूं द्या. अक्षर मोठें असावें हें सर्वांना ठाऊक असतें; दोन शब्दांमधलें आणि दोन ओळींमधलें अंतर कोणी पाहत नाहीं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडत असतील तर अक्षर कितीही मोठें असलें तरी व्यर्थ. मजकूर चित्रावर, हिरव्या झाडांवर किंवा निळ्या समुद्रावर छापलेला असेल तर नवशिक्या डोळ्याला अनुस्वार आणि पान, रफार आणि पक्षी यांतला भेद करावा लागतो. मजकूर कोर्‍या जागेवर असावा, आणि दर पानावर साधारण त्याच ठिकाणीं असावा. ओळीच्या शेवटीं शब्द तोडलेला नसावा. वाक्य दोन ओळींत मोडावयाचें असेल तर जिथें आपण श्वास घेतों तिथें मोडावें. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी व हिंदी वळणांत फरक आहे. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ गाठीचा. पुस्तकांत एक वळण आणि शाळेच्या फळ्यावर दुसरें असलें तर पहिलीच्या मुलाला तीं दोन निरनिराळीं अक्षरें वाटतात. संगणकावरच्या अनेक टाइपांत हिंदी वळण असतें, आणि प्रकाशक तें बदलण्याचे श्रम घेत नाहींत. याबद्दल मीं लिहिलेल्या पत्रांना उत्तरें आलेलीं नाहींत.

आतां एका निराळ्या मुलाविषयीं, जें आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आहे. तें इंग्रजी शाळेंत जातें, घरीं मराठी बोलतें, आणि मराठी अक्षरांशीं त्याची गांठ उशिरां पडते. महाराष्ट्रांत २०२० सालच्या कायद्यानें सर्व शाळांतून मराठी हा विषय सक्तीचा झाला, त्यामुळें तो प्रश्न परीक्षेच्या रूपानें घरांत आला आहे. हें मूल आठ-नऊ वर्षांचें असतें. इंग्रजींत जाडजूड पुस्तकें वाचीत असतें. आणि आपण त्याच्या हातीं चार वर्षांच्या बाळाचें, बदकाचें आणि सशाचें मराठी पुस्तक देतों. त्याला अपमान वाटतो, आणि तो राग मराठीवर निघतो. अशा मुलासाठीं गोष्ट मोठ्या वयाची पण वाक्यें लहान असलीं पुस्तकें शोधावीं लागतात. फजितीच्या, भुताच्या, शोधाच्या गोष्टी, किंवा रेल्वे, किल्ले, साप यांविषयींचीं माहितीचीं चित्रपुस्तकें. सापाच्या चित्राखालीं ‘घोणस’ असें लिहिलेलें असेल तर तो शब्द वाचण्यासाठीं त्याला कोणी आग्रह करावा लागत नाहीं. चित्रकथेच्या चौकटी आणि फुग्यांतले संवादही चालतात. त्यांना नाकें मुरडणार्‍यांत एके काळीं मीही होतों.

निवड करतांना मुलाला बरोबर न्यावें. तीन पुस्तकें घ्यावयाचीं असतील तर दोन आपण पाहून घ्यावींत आणि एक त्याला घेऊं द्यावें, मग तें कितीही चकचकीत आणि भिकार असो. माझ्या नातीनें पुढच्या दिवाळींत असेंच एक पुस्तक घेतलें. मला तें मुळींच आवडलें नाहीं. तिनें तें मला वाचून दाखविलें. मीं दोन्ही हात मांडीखालीं घेऊन बसलों होतों. अडलेल्या शब्दापाशीं ती चित्राकडे जाई, तिथें कांहीं वेळ रेंगाळे, आणि बरेंचदां परत शब्दाकडे येई. दोन ठिकाणीं तिनें चुकीचें वाचलें, मीं बोललों नाहीं. तिसर्‍या वाचनांत त्यांतली एक चूक तिची तिनेंच सुधारली. दुसरी अजून तशीच असेल.

पुस्तक घरीं आल्यावर तें मुलाच्या हाताला लागेल अशा ठिकाणीं, खालच्या फळीवर, मुखपृष्ठ दिसेल असें ठेवावें. कांचेच्या कपाटांत ठेवूं नये. तें फाटेल. फाटलें तर बाजारांतली चकचकीत चिकटपट्टी लावूं नका. कांहीं वर्षांत ती पिवळी पडते आणि चित्राचा रंगही खराब करते. पातळ कागदाची अरुंद पट्टी कापून, मैद्याची पातळ खळ बोटानें लावून, ती पानाच्या मागच्या बाजूनें बसवावी आणि पान वजनाखालीं रात्रभर दाबून ठेवावें. विहिरीच्या त्या पुस्तकाचीं चार पानें मीं अशींच जोडलीं आहेत.